मझलर: एका तडजोडीची गोष्ट

मैसूरमध्ये वाढणारे आर. के. लक्ष्मण ‘द हिंदू’मध्ये येणारी एका ब्रिटिश व्यंगचित्रकाराची चित्रं बघायचे. खालची ‘लो’ ही सही त्यांनी बरेच दिवस ‘काऊ’ अशी वाचली. मुलांना भुरळ घालणारी डेव्हिड लो यांची हीच चित्रं बर्लिनमध्ये मात्र संतापाचा विषय झाली होती.

नोव्हेंबर १९३७मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले. निमित्त शिकारीच्या प्रदर्शनाचं, खरं काम हिटलरच्या भेटीचं. त्या दौऱ्यात प्रचारमंत्री गोबेल्सनं ब्रिटिश वृत्तपत्रांबद्दल गाऱ्हाणं मांडलं. ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मधली लो यांची चित्रं त्यात होतीच. लो हिटलरला राक्षस म्हणून रंगवत नसत. त्यांच्या मते राक्षस म्हटलेलं हुकूमशहाला आवडतंच, कारण त्यात धाक असतो. त्यांच्या चित्रातला हिटलर मूर्ख दिसायचा, आणि तेच झोंबायचं.

परतल्यावर हॅलिफॅक्स यांनी लो यांना समजावलं. करारानं लो यांना मोकळीक होती. मालक बीव्हरब्रुक यांच्या मतांविरुद्धही ते चित्रं काढत. त्यामुळे हुकूम सोडणं शक्य नव्हतं, शांततेसाठी हात आखडता घ्या अशी विनंतीच करता येत होती. लो यांनी ती मानली, पण आपल्या पद्धतीनं. हिटलर आणि मुसोलिनी यांचं मिश्रण करून त्यांनी ‘मझलर’ नावाचं पात्र काढलं. मझल म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं. आता ‘हा मीच’ अशी तक्रार करायची, तर ती कोणी करायची?

मार्च १९३८मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि लो यांचा संयम संपला. २० सप्टेंबर १९३९च्या त्यांच्या चित्रात पोलंडच्या प्रेताशेजारी हिटलर आणि स्टालिन एकमेकांना झुकून अभिवादन करतात, तोंडानं शिव्या देत. महिन्यापूर्वीच दोघांचा अनाक्रमण करार झाला होता. इंग्लंड जिंकल्यावर ज्यांना पकडायचं, त्या नाझी यादीत लो यांचंही नाव होतं.

हॅलिफॅक्स यांचा हेतू वाईट नव्हता. पहिल्या महायुद्धाला वीस वर्षंही झाली नव्हती, आणि एका चित्रापायी बोलणी फिसकटू नयेत असं कुणालाही वाटलं असतं. पण हिटलरला ऑस्ट्रिया हवा होता, आणि तो व्यंगचित्रांवर अवलंबून नव्हता. त्या काही महिन्यांच्या संयमाचा तोटा झाला तो लंडनच्या वाचकाचा. युद्ध जवळ येत असताना समोरचा माणूस कसा आहे, हे त्याला नाव घेऊन सांगणारं एक चित्र तेवढे दिवस कमी झालं.