धोट्याचा मार

देव आणि विणकर यांचं भांडण फार जुनं आहे. इ. स. ८ च्या सुमारास रोमच्या ओव्हिड नावाच्या कवीनं ते लिहून ठेवलंय.

लिडियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, अरॅक्नी. बाप इडमॉन, लोकर जांभळी रंगवणारा रंगारी. आईही तसल्याच साध्या घरातली. कुळाचा टेंभा नाही. नाव झालं ते हाताच्या कसबावर. लोक म्हणाले, ही कला तुला मिनर्व्हा देवीनं दिली. पोरगी म्हणाली, नाही. लावा पैज!

माग समोरासमोर लागले. देवीनं विणले सिंहासनावरचे बारा देव, आणि चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करणाऱ्यांना झालेल्या शिक्षा. म्हणजे उघड दमदाटी. अरॅक्नीनं देवांची पापं विणली. बैलाचं सोंग घेऊन युरोपाला पळवणारा ज्युपिटर, हंस होऊन लीडाला नासवणारा ज्युपिटर. कापडात खोट काढायला जागा नव्हती, हे ओव्हिडच सांगतो. तेव्हा देवीनं ते टराटरा फाडलं आणि हातातला धोटा पोरीच्या कपाळावर तीन-चारदा हाणला. तिनं गळफास घेतला, तर देवीला म्हणे दया आली! तिला जाळं विणणारा कोळी करून टाकलं. वर शिक्षा पुढच्या साऱ्या वंशाला लागू. जन्मानं मिळणारी शिक्षा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

स्पेनच्या वेलास्केझनं १६५५ ते १६६० च्या दरम्यान हे चित्र काढलं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. युरोपा आणि बैलाचं ते विणलेलं कापड मागं, उजेडात. पुढं मात्र सूत कातणाऱ्या बाया, अनवाणी, मोठ्या. चरखा इतका फिरतोय की आरेच दिसत नाहीत. मी स्वतः सूतखात्यात राबतो. हे त्यानं पाहूनच काढलंय. कित्येक वर्षं लोक याला नुसतं कारखान्याचं चित्र समजत. १९४८ साली १६६४ ची एक जुनी यादी उजेडात आली, तिच्यात चित्राचं नाव होतं अरॅक्नीची कथा.

मला तो धोटा सुटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागायचं. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून विणकाम खात्याचं दार, जिथं पगार जास्त, आपल्या माणसांना बंद. दार बंद करणारे सोबतीचे कामगारच! सगळी खाती अस्पृश्यांना मोकळी करा, ही मागणी बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात पुढाऱ्यांना घ्यायला लावली.