रायफल, लांब पल्ल्याची : मुंबई इलाख्यातील आगमन

नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी देणाऱ्या बंदुकीस रायफल म्हणतात. फिरकीमुळे गोळीची दिशा स्थिर राहते व नेम दूरवर टिकतो. हे तत्त्व युरोपातील शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु खाचांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडाकडून ठासण्यास वेळ लागे. मीन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ च्या सुमारास पोकळ बुडाची लांबट गोळी तयार केली. ती नळीत सहज उतरे आणि बार उडताच तिचे बूड फुगून खाचांत बसे. १८५३ ची इंग्रजी एन्‌फील्ड रायफल याच तत्त्वावर आधारलेली होती. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भरवसा शंभर यार्डांपलीकडे धरता येत नसे. एन्‌फील्डच्या उभ्या करता येणाऱ्या नेमपट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. मुंबई इलाख्यात मात्र हे हत्यार किती दूर मारते यापेक्षा ते कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न लवकरच मोठा ठरला.

नव्या रायफलीविषयी सर्वांत अधिक उत्साह मुंबई लष्करातीलच एका अधिकाऱ्याने दाखविला. मुंबई तोफखान्यातून सिंधमध्ये गेलेल्या जॉन जेकबने (१८१२–५८) जेकबाबादच्या सपाट, उघड्या माळावर अनेक वर्षे प्रयोग केले. चार खाचांच्या दोन नळ्या असलेली त्याची रायफल बर्मिंगहॅमच्या स्विनबर्न यांनी तयार केली. तिच्या नेमपट्टीवर २,००० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. लक्ष्यावर आदळताच फुटणारी दारूभरली गोळीही त्याने बनविली. असे थोडे निशाणबाज हाती असल्यास त्यांच्यापुढे मैदानी तोफखाना टिकणार नाही, असे त्याचे मत होते. तोफखान्याच्याच अधिकाऱ्याने असे म्हणावे, हे लक्षणीय आहे. या मताला माळरानाच्या भूगोलाचा मोठा आधार होता. गोळीचा मार्ग कमानदार असल्याने दूरच्या नेमात अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनी चुकला, तरी गोळी माणसाच्या डोक्यावरून जाई किंवा पायापुढे पडे. म्हणूनच १८५३ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडमधील हाइद येथील नेमबाजी शाळेत अंतर ओळखण्याच्या शिक्षणावर भर होता. जेकबच्या नावाची रायफल पलटण १८५८ मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो मरण पावला. त्याच्यामागे या रायफलीचा पाठपुरावा करणारा कोणी उरला नाही. लहान आकाराच्या स्फोटक गोळ्यांवर १८६८ च्या सेंट पीटर्झबर्ग घोषणेने बंदी घातली.

शिपायाच्या दृष्टीने नव्या रायफलीची पहिली ओळख पल्ल्याची नव्हती, काडतुसाची होती. चरबी लावलेल्या काडतुसाचा संशय १८५७ च्या उठावाचे निमित्त ठरला. मुंबई लष्कर बंगालच्या मानाने शांत राहिले, तरी ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीतील शिपाई उठले. उठावानंतर सरकारने हिंदी पलटणींसाठी एन्‌फील्डच्याच घडणीची, परंतु गुळगुळीत नळीची बंदूक काढली. बाहेरून ती रायफलीसारखी दिसे, पण तिचा पल्ला काढून घेतलेला होता. अविश्वासाचे इतके उघड यांत्रिक रूप क्वचितच आढळते. पुढेही हिंदी शिपाई एक पिढी मागेच राहिला. मैवंदच्या लढाईत (२७ जुलै १८८०) गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी–हेन्री रायफली होत्या, तर मुंबई ग्रेनेडिअर्स व जेकबची पलटण यांच्याकडे जुन्या स्नायडर. लांब पल्ल्याच्या ध्यासातून जन्मलेल्या जेकबच्या पलटणीचीच फळी त्या दिवशी प्रथम मोडली. त्याचे खापर केवळ हत्यारावर फोडता येणार नाही. तीत नवशिके शिपाई बरेच होते.

कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यात हीच विषमता मुलकी बाजूने जाणवली. पेणच्या उत्तरेस लागून असलेल्या पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे गाव. त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी मे १८७९ मध्ये पळस्पे व चिखली येथे छापे घातले. परतीच्या वाटेवर मेजर डॅनिअलच्या तुकडीने त्यांना गाठले व त्या चकमकीत नाईक मारले गेले. तलवारी आणि जुन्या बंदुका बाळगणाऱ्या बंडवाल्यांची गाठ कवायती फौजेशी होती. आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, शस्त्रास्त्र कायदा होऊन परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले होते. पेणची खारी मैदाने सोडली, तर रोह्यापर्यंतचा मुलूख टेकड्यांचा व झाडीचा आहे. तेथे हजार यार्डांची सरळ दृष्टी क्वचितच लाभते. रानडुकरांपासून शेत राखणाऱ्यास ठासणीची बंदूक पुरे, पण तीही आता सरकारच्या मर्जीवर मिळू लागली.

मराठा पलटणींतील शिपायांच्या हाती लांब पल्ल्याची उत्तम रायफल आली, ती विसाव्या शतकात. पहिल्या महायुद्धात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी सहाव्या (पुणे) डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात लढल्या व कूत येथे वेढ्यात सापडल्या (७ डिसेंबर १९१५–२९ एप्रिल १९१६). दुरून, लपून, एकेकाला टिपणाऱ्या बंदूकधाऱ्याचा जाच तेथे रोजचा झाला. नदीवर पाणी आणण्यासाठी जाणेही जिवावरचे होते.

रोह्याच्या दक्षिणेकडील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे (५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन) यांची कथा अधिक प्रसिद्ध आहे. इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मशिनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील इतर सर्वजण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मोर्चावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशिनगन व ती चालविणारा यांना निकामी केले आणि टॉमीगनने आणखी एकास टिपले. नवे मॅगझिन चढविण्यास वेळ नव्हता. तेव्हा उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानेच मारले. मोर्चा हाती आला, पण त्याच वेळी दडून बसलेल्या शत्रूच्या निशाणबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्चातच वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे.