एलिमिनेशन म्हणजे नेमकं काय? गेमपासून भामरागडच्या मलेरियापर्यंत

बीजीएमआयमध्ये 'एलिमिनेट' झालात म्हणजे बाद. पुढच्या मॅचला परत हजर. दहावीच्या बीजगणितात एका चलाचा 'लोप' करतो, पण त्याची किंमत शेवटी काढावीच लागते. माझ्या कामात कंपायलर 'डेड कोड एलिमिनेशन' करतो, म्हणजे ज्या ओळींचा निकालावर काहीच परिणाम नाही त्या उडवतो.

खरा घोळ आरोग्याच्या बातम्यांत. मलेरियाची झळ राज्यात सर्वाधिक बसते ती गडचिरोलीला, त्यातही भामरागडसारख्या जंगल तालुक्यांना. मलेरियाचं एलिमिनेशन म्हणजे देशातल्या देशात होणारा संसर्ग सलग तीन वर्षं शून्य. भारताचं लक्ष्य २०३०. परदेशातून आलेला रुग्ण यात धरत नाहीत. भामरागडला लागून असलेल्या छत्तीसगडचा मात्र धरतात! कुष्ठरोगाचा हिशोब वेगळा. दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण झाले की एलिमिनेशन. भारताने ते २००५ मध्ये गाठलं, रुग्ण आजही सापडतात. जगातूनच संपणं म्हणजे इरॅडिकेशन. देवी रोगाचं ते १९८० मध्ये जाहीर झालं. मराठीत आपण या सगळ्याला 'निर्मूलन'च म्हणतो, म्हणून बातमीतला आकडा बघा. आणि ताप आला तर आशाताईंकडून रक्त तपासून घ्याच.