वैनगंगाकाठचा पटवारी

भंडारा शहरातून पूर्वेला निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागतं. पावसाळ्यात या गावाचं नाव सगळ्या जिल्ह्याच्या तोंडी असतं, कारण नदीची पातळी इथे मोजतात. २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, नदीने ती पातळी ओलांडली आणि पूर ओसरल्यावर शेताशेतात पंचनामे सुरू झाले. धानाचं नुकसान लिहून घ्यायला कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्यासोबत बांधावर उभा होता तो तलाठी. सरकारदरबारी तो तेव्हा तलाठी, इथल्या गावांत मात्र आजही पटवारीच.

या माणसाच्या हातातलं दप्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदललं. दर वेळी कायदा वर ठरला आणि तो अमलात आणायचं काम शेवटी साझ्यावरच्या, म्हणजे त्याच्याकडे नेमून दिलेल्या गावांतल्या, या एका माणसाकडे आलं. त्याला नवं काम कोणी शिकवलं आणि कसं, यावर तो बदल किती मुरला हे ठरत गेलं.

भोसल्यांच्या नागपूर राज्यात गावचा हिशेब पांड्या ठेवायचा. नागपूरचा ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने १८२७ साली या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात पाटील आणि पांड्या ही गावकारभारातली जोडी दिसते. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्याच दशकातल्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तात गावचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. गावचा हिशेब ठेवणारा, आता पटवारी म्हणवला जाणारा, मालगुजाराचा माणूस होऊन बसला. त्याचं पोट मालगुजाराच्या हातात, मग त्याने लिहिलेल्या हिशेबावर कुळाने विश्वास ठेवायचा तरी कसा?

१८८१च्या जमीन महसूल कायद्याने पटवारी सरकारच्या ताब्यात येऊ लागला. पण ताबा घेतल्याने कोणी मोजणी शिकत नाही. १८८०च्या दशकात प्रांताचे बंदोबस्त व कृषी आयुक्त झालेले जे. बी. फुलर यांच्या काळात यावर जो तोडगा निघाला, तो आजच्या प्रशिक्षणतज्ज्ञांनीही पाहावा असा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पथकांनी गावाची बाहेरची चौकट शास्त्रशुद्ध आखून द्यायची आणि आतलं एकेक शेत पटवाऱ्याने स्वतः मोजून नकाशात भरायचं, अशी ही वाटणी होती. साखळी त्याच्याच हातात. डोक्यावर रेव्हेन्यू इन्स्पेक्टर, म्हणजे विदर्भात अजूनही प्रचलित असलेला ‘आरआय’. तो शेतात येऊन मोजणी पडताळायचा आणि चुका तिथल्या तिथे दाखवायचा.

बाहेरचे मोजणीदार आणून नकाशे लवकर झाले असते, पण ते निघून गेल्यावर नकाशा वाचणारं गावात कोणी उरलं नसतं. इथे ज्याने नकाशा केला, त्यालाच पुढे दरवर्षी खसऱ्यात, म्हणजे शेतवार नोंदपत्रकात, पीक आणि वहिवाट लिहायची होती. म्हणून ही पद्धत टिकली. पुढच्या पिढ्यांचे बंदोबस्त याच कागदांवर उभे राहिले आणि त्यांच्या मिसली, म्हणजे कागदपत्रांच्या फायली, जिल्ह्याच्या अभिलेख कक्षांत आजही मागितल्या जातात.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. आदल्या वर्षीच्या मध्य प्रदेश कायद्याने जंगल, आबादी आणि तलाव सरकारकडे आले. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात हे प्रकरण साधं नव्हतं. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांवर धानशेती उभी होती. आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणतात. कोणत्या शेताला कोणत्या तलावाचं पाणी, जळणाला लाकूड कुठून, ढोरांची वाट कुठली, हे सगळं आतापर्यंत मालगुजाराच्या मर्जीवर आणि गावाच्या आठवणीवर चालायचं. ते निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवून घ्यावं लागलं. १९५४-५५च्या अधिकार अभिलेखाचं कामही याच धामधुमीतलं.

मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यच बदललं. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पाठोपाठ महाराष्ट्रात आला. मुंबईकडची महसुली परंपरा रयतवारीची. तिथे कुळकर्ण्याच्या वारशातून आलेला तलाठी, गाव नमुने १ ते २१, सहा नंबरात फेरफार, सात नंबरात हक्क, बारात पीक. भंडाऱ्याचा पटवारी तयार झाला होता खसऱ्यावर आणि पी-१, पी-२ पत्रकांवर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ रोजी लागू झाली, १९७१ मध्ये अधिकार अभिलेखाचे नियम आले आणि सातबारा विदर्भाच्याही अंगवळणी पडला. तरी जुनं पुसलं गेलं नाही. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना संहितेतच कलमं द्यावी लागली. जमिनीचा वाद पेटला की वकील आजही १९५४-५५ची अधिकार अभिलेख पंजी मागतो. नव्या नमुन्यांबरोबर जुनी पत्रकं वाचणारा पटवारीच कामाचा ठरला.

यानंतरचा मोठा बदल संगणकाचा. राज्यातले अडीच कोटींहून अधिक सातबारे हस्तलिखितातून संगणकात गेले, पण भराभर टंकताना चुकाही आत गेल्या. ई-फेरफार प्रकल्पात त्या ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ या टप्प्यांत दुरुस्त झाल्या. प्रत्येक जिल्ह्यात एक ‘डीडीई’, म्हणजे महसूल खात्यातलाच पण ही प्रणाली शिकलेला अधिकारी नेमला गेला. अडलेला तलाठी त्याला विचारू शकत होता. २०१७ मध्ये चावडी वाचन झालं, संगणकातला सातबारा गावकऱ्यांसमोर वाचला गेला. आरआय बांधावर मोजणी पडताळायचा, त्याचीच ही पुढची आवृत्ती. फरक इतकाच की पडताळणारे आता खातेदार होते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले.

हे सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. सर्व्हर बंद, लॅपटॉप जुने, नेटवर्क नाही, म्हणून तलाठी संघटनांनी वेळोवेळी आंदोलनं केली, बहिष्कार टाकले. प्रशिक्षण दिलं आणि साधन दिलं नाही, तर शिकलेला माणूसच सगळ्यांत जास्त चिडतो, हे राज्य सरकारला तेव्हा कळायला हवं होतं.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि बाजूच फिरली. आता पीक नोंदवायचं शेतकऱ्याने, स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभं राहून. तलाठ्याने ते तपासायचं. आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचा तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, त्यामुळे भंडारा जिल्ह्यात हे शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शतकभर शिकत आलेला पटवारी शिकवणारा झाला. २०२४ मध्ये सरकारने त्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं.

२०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. त्यातून निवडले गेलेले तरुण संगणकाला बुजत नाहीत. त्यांच्यातल्या बहुतेकांनी खसरा, बंदोबस्त मिसल किंवा निस्तार पत्रक मात्र हातात धरलेलं नसणार. ही पत्रकं सराईतपणे वाचणारे पटवारी निवृत्त होत चालले आहेत. महसूल खात्याने त्यांच्यातल्या काहींना मानधन देऊन वर्षभर या नव्या लोकांसोबत बसवावं, आणि जमेल तिथे बांधावरही न्यावं.