संग्रहालय-शिक्षक : नगर जिल्ह्यात कधीच न भरलेल्या पदाचा इतिहास

अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्या कलावस्तू सापडल्या किंवा घडल्या, त्यांतील सर्वांत मोलाच्या वस्तू जिल्ह्याबाहेर आहेत, आणि जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्या पाहायच्या झाल्या तर पुणे, मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. या जिल्ह्यातील कलाशिक्षणाचा आणि वस्तुसंग्रहालयांचा इतिहास या एका वस्तुस्थितीपासून वेगळा काढता येत नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी वसलेल्या दायमाबाद येथे 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार भरीव ओतीव मूर्ती सापडल्या : बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मूर्तींचे एकत्रित वजन 60 किलोपेक्षा अधिक भरते. त्या उत्तर हडप्पा काळातील असाव्यात असे काही पुरातत्त्वज्ञ मानतात, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी त्या कालनिश्चितीवर शंका घेतली आहे. हा वाद मिटलेला नसला, तरी भारतातील प्राचीन धातुशिल्पाचा विचार दायमाबादच्या रथाला वगळून होत नाही. प्रवरेच्याच काठी असलेल्या नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले, आणि अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचा जो उलगडा त्यातून झाला, तो महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातील पायाभूत कामांपैकी एक गणला जातो. दोन्ही ठिकाणी शोध लागला तो जिल्ह्याच्या मातीत, परंतु त्या शोधाचे अभ्यासकेंद्र आणि प्रदर्शनस्थळ मात्र जिल्ह्याबाहेरच राहिले.

मध्ययुगाचीही गोष्ट फारशी निराळी नाही. मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस भिंगारजवळ वसवलेले अहमदनगर शहर दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या केंद्रांपैकी एक होते, आणि त्याचा ठोस पुरावा म्हणजे आफताबी या कवीने फारसी पद्यात रचलेले ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित होय. हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी 1565 च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात मुळात 14 चित्रे होती, त्यांपैकी 12 आज शिल्लक आहेत. राजाशेजारी बसलेल्या राणी खुंजा हुमायूँ हिची आकृती अनेक चित्रांत पुढे पुसून किंवा रंगाने झाकून टाकलेली दिसते, कारण पतीच्या मृत्यूनंतर मुलाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या या राणीला 1569 मध्ये त्याच मुलाने कैदेत टाकले. सत्तेचा उतार चित्राच्या पृष्ठभागावर इतक्या उघडपणे उमटल्याची उदाहरणे थोडी आहेत. शाळकरी मुलांना इतिहास आणि चित्रकला एकाच वेळी शिकवण्यासाठी याहून समर्थ साधन सापडणे कठीण, परंतु हा ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. त्याची चित्रे काढणाऱ्यांची नावे अज्ञात आहेत. दरबाराच्या आश्रयाने चालणाऱ्या अशा कामात कला शिकण्याचा मार्ग उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करण्याचा होता, म्हणजे वर्षानुवर्षे रंग घोटत आणि रेषा गिरवत काम आत्मसात करण्याचा. राज्य गेले की आश्रय जातो आणि आश्रय गेला की शिक्षणही थांबते. 1636 मध्ये निजामशाही संपल्यावर नगरच्या चित्रपरंपरेचे नेमके हेच झाले.

कारागिरांच्या आळ्यांत मात्र शिक्षण थांबले नाही. तांब्यापितळेची भांडी घडवणारे तांबट आणि कासार, लुगडी विणणारे साळी आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांची मुले घरच्या भट्टीवर किंवा मागावर बसून धंदा शिकत राहिली. या घरगुती शिक्षणाला शाळेचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न सरकारने केला नाही, तो अमेरिकन मराठी मिशनने केला. डिसेंबर 1831 मध्ये नगरला ठाणे उभारणारे आणि पुढे सिंथिया फॅरार यांच्या कन्याशाळांमुळे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात स्थान मिळवणारे हे मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या नावाची औद्योगिक कलांची शाळा चालवू लागले. तेथे सुतारकाम, धातूच्या पत्र्यावर ठोकून उठाव काढण्याचे काम आणि गालिचे विणणे शिकवले जाई. 1899-1900 च्या भीषण दुष्काळानंतर मिशनने आसरा दिलेल्या अनाथ मुलांना पोटापाण्याचे साधन मिळावे, ही या उद्योगशिक्षणामागची तातडीची गरज होती. त्याच परिसरात डी. सी. चर्चिल या अमेरिकन यंत्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारित हातमागावर काम केले. या शाळेने हाताला कौशल्य दिले आणि ते सन्मानाने दिले. मात्र निजामशाही चित्राशी, दगडी जाळीकामाशी किंवा गावच्या मूर्तिकलेशी विद्यार्थ्याचा संबंध जोडणे तिच्या उद्दिष्टात नव्हते, आणि त्या काळाच्या विपत्तीत ते असावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल.

मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेने याच काळात शिक्षणाची वेगळी चौकट उभी केली होती. तेथे 1879 मध्ये रेखांकन हा शिक्षणाचा विषय म्हणून दाखल झाला, 1891 मध्ये हस्तव्यवसायांसाठी लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा निघाल्या आणि 1893 पासून चित्रकला-शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम चालू झाला. या शेवटच्या घटनेने महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांत एक नवा व्यवसाय जन्माला घातला. ड्रॉइंग मास्तर, म्हणजे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवणारा पगारी शिक्षक, हा बहुतेक गावांत कलेवर चरितार्थ चालवणारा पहिला सुशिक्षित मनुष्य होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन शासकीय ग्रेड परीक्षांना मुले बसवणे हे त्याचे ठरलेले काम असे. वस्तुचित्र, म्हणजे समोर मांडलेली भांडी-फळे पाहून रेखाटणे; स्मरणचित्र, म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढणे; संकल्पचित्र, म्हणजे नक्षीची रचना करणे; आणि त्यांच्या जोडीला भूमिती व अक्षरलेखन, अशी या परीक्षांची ठेवण होती आणि ती आजही बरीचशी टिकून आहे. 1965 मध्ये राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाल्यावर या परीक्षांबरोबर कलाशिक्षक पदविका, म्हणजे ए. टी. डी., आणि त्यापुढची आर्ट मास्टर ही अर्हता एका व्यवस्थेखाली आली. खासगी कला महाविद्यालयांमुळे मुंबईला न जाता जिल्ह्यातच कलाशिक्षक होणे शक्य झाले. नगरचे प्रगत कला महाविद्यालय हे त्याचे जवळचे उदाहरण आहे.

ड्रॉइंग मास्तरांच्या या परंपरेचे ऋण मोठे आहे, आणि ते पुरेसे मानले गेलेले नाही. स्नेहसंमेलनाचा पडदा, गणपतीची आरास, फळ्यावरचा सुविचार आणि राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी ही सारी कामे त्याच्यावर पडत, आणि तरीही त्याच्या तासाला वेळापत्रकात शेवटची जागा मिळे. परंतु या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती. विद्यार्थी कागदावर घागर काढायला शिकत असे, पण ती घागर कोणत्या आळीत, कोणाच्या हातून घडली आणि तिच्या घडणीला किती शतकांचा आधार आहे, हे त्याला कोणी विचारत नसे. परीक्षेची प्रश्नपत्रिका सर्व जिल्ह्यांना सारखीच असल्यामुळे फरहाबागेचा भग्न महाल, 1568 च्या दमडी मशिदीवरील कोरीव काम किंवा अकोले तालुक्यातील रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर यांपैकी काहीही चित्रकलेच्या तासाला आवश्यक ठरत नव्हते. चांदबिबीचा महाल या नावाने परिचित असलेली डोंगरावरची वास्तू प्रत्यक्षात सलाबतखानाची कबर आहे, हे सहलीला तेथे जाणाऱ्या सगळ्याच मुलांना सांगितले जाते असे नाही.

संग्रह राखणे आणि तो लोकांना समजावून देणे ही दोन कामे वेगळी आहेत, याची जाणीव जगातही उशिराच झाली. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1907 मध्ये प्रेक्षकांबरोबर दालनांतून हिंडून वस्तू समजावून देणारे मार्गदर्शक नेमले, आणि त्यातून संग्रहालय-शिक्षक या पेशाची पायाभरणी झाली. नगरच्या मिशनला पाठवणाऱ्या मंडळाचे मुख्यालयही बॉस्टनमध्येच होते, पण हा विचार मात्र त्या वाटेने नगरला पोहोचला नाही. भारतातील संग्रहालयांची पाहणी करून मार्कहॅम आणि हारग्रीव्हज यांनी 1936 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील 105 संग्रहालयांची नोंद आहे. वस्तुसंग्रहालयशास्त्राचा, म्हणजे संग्रह, जतन, मांडणी आणि लोकशिक्षण यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा, देशातील पहिला विद्यापीठीय विभाग बडोद्यात 1952 मध्ये निघाला.

या पार्श्वभूमीवर 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या दिवशीच, नगरमध्ये जिल्ह्याचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय स्थापन झाले, ही घटना शहराच्या सांस्कृतिक इतिहासात फार मोलाची आहे. नगर शहराचा इतिहास मराठीत लिहिणारे सरदार ना. य. मिरीकर, नगराध्यक्ष म्हणून ओळखले गेलेले नवनीतभाई बार्शीकर आणि या संग्रहासाठी आयुष्य वेचणारे इतिहाससंशोधक सुरेश जोशी यांची नावे या स्थापनेशी जोडलेली आहेत. एकाकडे घराण्याची कागदपत्रांची जाण होती, दुसऱ्याकडे नगरपालिकेच्या कारभाराचा अनुभव होता आणि तिसऱ्याकडे दारोदार फिरून वस्तू मागण्याची चिकाटी होती. अशा तीन तऱ्हांची माणसे एका कामात एकत्र येणे दुर्मिळच. मोडी आणि फारसी कागद, हस्तलिखित पोथ्या, नाणी, शस्त्रे, मूर्ती आणि चित्रे असा संग्रह त्यातून उभा राहिला. ज्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालकपद ग्रेस मॉर्ली या सॅन फ्रान्सिस्कोतील अनुभवी संग्रहालयतज्ज्ञ बाईंनी स्वीकारले, त्याच वर्षी नगरला हे काम लोकांनी दिलेल्या वस्तूंवर आणि ध्यास घेतलेल्या माणसांवर सुरू झाले. जुन्या वाड्यातील दप्तर रद्दीत जाण्यापूर्वी वाचवणे हेच त्या पिढीला सर्वांत निकडीचे वाटले, आणि ते योग्यच होते, कारण जो कागद उरलाच नाही त्याचे शिक्षण कोणी देऊ शकत नाही. मात्र ज्या माणसाने संग्रह जमवला, तोच त्याचा जतनकर्ता, तोच मोडी वाचणारा, तोच दालन दाखवणारा आणि तोच देणगी गोळा करणारा, अशी घडण रूढ झाली, आणि नेतृत्व हे पदाशी न जोडता व्यक्तीशी जोडले गेले.

शहरातील दुसरे मोठे संग्रहालय अगदी वेगळ्या व्यवस्थेतून आले. 1948 पासून नगरला असलेल्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने फेब्रुवारी 1994 मध्ये रणगाडा संग्रहालय उभे केले, आणि लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे 50 रणगाडे व चिलखती वाहने असलेल्या या संग्रहालयाला गर्दीची कधी उणीव पडली नाही. त्यामागे संस्थेचे कायम मनुष्यबळ, शिस्त आणि देखभालीची सोय आहे. भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद आणि त्यांचे सहकारी ज्या कोठड्यांत बंदिवान होते, त्याही लष्कराच्याच ताब्यात आहेत. नागरी संग्रहालयाला अशा पाठबळाचा आधार कधी मिळाला नाही.

संग्रह मुलांपर्यंत नेता येतो, हे इतरत्र दिसून आले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 पासून फिरते संग्रहालय बसमधून शाळांच्या दारी नेले, आणि 2019 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र दालन बांधले. नगरमध्येही त्यासाठी लागणारी माणसे आहेत. येथेच राहून काम करणाऱ्या प्रमोद कांबळे यांच्यासारख्या शिल्पकाराने कलावंताला नगर सोडावेच लागते हा समज खोटा ठरवला आहे. जिल्ह्यात ए. टी. डी. झालेली तरुण मुले-मुली आहेत, मोडी शिकणारे हौशी वाचक आहेत आणि ग्रेड परीक्षेला बसणारे विद्यार्थीही आहेत. उणीव आहे ती या सर्वांना एका दालनात आणणाऱ्या पगारी माणसाची. जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात संग्रहालय-शिक्षकाचे एक कायम पद निर्माण करावे, दायमाबादच्या चार मूर्तींच्या आणि ‘तारीफ-इ-हुसेनशाही’च्या उरलेल्या 12 चित्रांच्या उत्तम प्रतिकृती तेथे मांडाव्यात, आणि जिल्ह्यातील प्रत्येक चित्रकला-शिक्षकाने वर्षातून एकदा तरी आपला वर्ग वस्तुचित्राच्या तासासाठी त्या दालनात घेऊन जावा.