ठराव १४४१ : कलमवार भाष्य

सुरक्षा परिषदेने १४४१ क्रमांकाचा ठराव ८ नोव्हेंबर २००२ रोजी १५ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. सीरियाचे मतही त्याच्या बाजूने पडले. पुढे मार्च २००३ मध्ये इराकवर झालेल्या आक्रमणाला आधार म्हणून याच ठरावाकडे बोट दाखवले गेले, म्हणून तो ओळीने वाचायला हवा. माझा पक्ष आधीच सांगतो. या ठरावात युद्धाची परवानगी नाही. युद्धाशिवाय शस्त्रे काढून घेण्याची यंत्रणा आहे, आणि ती काम करत असतानाच गुंडाळली गेली. कलमांचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे.

कलम १. इराकने आधीच्या ठरावांचा गंभीर भंग केला आहे आणि अजूनही तो चालू आहे.

हे मान्य. युद्धाला विरोध करणाऱ्याने सद्दाम हुसेनचे वकीलपत्र घेण्याचे कारण नाही. हलब्जात १९८८ साली झालेला रासायनिक हल्ला जगाने पाहिला होता, आणि जैविक अस्त्रांचा कार्यक्रम इराकने कबूल केला तो १९९५ मध्ये, पुरावे अंगावर आल्यावर. पण दोषी ठरवणे वेगळे आणि शिक्षा सुनावणे वेगळे. पहिले कलम फक्त पहिले काम करते.

कलम २. तरीही पालनाची एक शेवटची संधी. त्यासाठी तपासणीची अधिक कडक व्यवस्था.

संधी दिली की ती कधी संपली हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न येतो. सगळा वाद या एका प्रश्नाचा आहे. उत्तर पुढे आहे, पण २००३ मध्ये तिथपर्यंत वाचण्याइतका धीर फार थोड्यांपाशी होता.

कलम ३. तीस दिवसांत आपल्या शस्त्रकार्यक्रमांचे संपूर्ण निवेदन.

इराकने ७ डिसेंबरला सुमारे १२,००० पानांचा गठ्ठा दिला. त्यात बराचसा जुनाच मजकूर होता, आणि अन्मोविक या तपासणी आयोगाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी नाराजी लपवली नाही. इथे पूर्वपक्ष उभा राहतो : निवेदन अपुरे, म्हणजे संधी संपली, म्हणजे युद्ध. यातली दुसरी पायरी ठरावात नाही.

कलम ४. निवेदनात खोटेपणा किंवा त्रुटी, आणि अंमलबजावणीत असहकार, हा आणखी एक गंभीर भंग. त्याची माहिती कलम ११ व १२ नुसार मूल्यमापनासाठी परिषदेकडे.

या कलमासाठी जवळपास दोन महिने खल झाला. अमेरिकेच्या मसुद्यात दोन अटींमध्ये ‘किंवा’ होते, मंजूर मजकुरात ‘आणि’ आले. ही व्याकरणाची चैन नव्हती. ‘किंवा’ राहिले असते तर कागदातल्या एखाद्या चुकीवरही भंग सिद्ध झाला असता. ‘आणि’मुळे निवेदनातला दोष आणि प्रत्यक्ष असहकार असे दोन्ही लागतात. शिवाय भंग झाला तरी तो ‘मूल्यमापनासाठी’ परिषदेकडे जायचा. ज्याला मूल्यमापन करायचे आहे, त्याने निकाल आधीच दिलेला नसतो.

कलम ५. कुठेही, कधीही, अडथळ्याविना प्रवेश, शास्त्रज्ञांच्या मुलाखती, ४५ दिवसांत काम सुरू.

तपासनीस २७ नोव्हेंबरलाच कामाला लागले. साडेतीन महिन्यांत सातशेहून अधिक तपासण्या झाल्या. शास्त्रज्ञांच्या खासगी मुलाखतींत इराकने खूप आढेवेढे घेतले. टेहळणी विमानांना फेब्रुवारीत होकार मिळाला. अल-समूद २ या क्षेपणास्त्राचा पल्ला १९९१ च्या ठराव ६८७ ने घातलेल्या १५० किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे जातो, असे आढळले. ब्लिक्स यांनी ती नष्ट करायला सांगितले, १ मार्चला काम सुरू झाले आणि ७ मार्चपर्यंत ३४ क्षेपणास्त्रे मोडून झाली होती. ती खरी, मारक शस्त्रे होती. युद्धाची घाई करणाऱ्यांनी याला देखावा म्हटले.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करायला हवी. आखातात फौजा जमल्या नसत्या तर बगदादने इतके दरवाजे उघडले नसते, हे ब्लिक्सही मानत. पण दबावामुळे काम होत आहे हे खरे असेल, तर दबाव ठेवून काम चालू द्यायला हवे होते. धाक उपयोगी पडत असताना हल्ला करण्याचा तर्क मला कधी उमगला नाही. घाईची कारणे वेगळी होती : आखातात उन्हाळा जवळ येत होता, रासायनिक संरक्षक पोशाखात सैनिकांना त्या उष्णतेत लढवणे अवघड होते, आणि एवढी फौज महिनोन्महिने वाळवंटात बसवून ठेवता येत नव्हती. म्हणजे वेळापत्रक सेनेने ठरवले, तपासणीने नाही.

कलम ७, ८, ९. तपासनिसांचे अधिकार, त्यांच्याविरुद्ध शत्रुत्वाची कृती नको, सात दिवसांत होकार.

इराकने १३ नोव्हेंबरला होकार दिला. इथे थांबण्यासारखे काही नाही.

कलम १०. सर्व सदस्य राष्ट्रांनी आपल्याकडची माहिती तपासनिसांना द्यावी.

हे सर्वांत दुर्लक्षित कलम. गुप्तचरांना पक्के ठाऊक असेल तर त्यांनी जागा दाखवाव्यात, तपासनीस जाऊन पाहतील : युद्धाचा दावा तपासण्याची याहून स्वस्त रीत नव्हती. ब्लिक्स यांनी नंतर सांगितले की सुचवलेल्या जागांपैकी केवळ तीन ठिकाणी काहीतरी हाती लागले, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी संहारक अस्त्रे नव्हती. नायजरकडून युरेनियम घेतल्याची कागदपत्रे बनावट आहेत, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मोहम्मद अल-बरादेई यांनी ७ मार्चला परिषदेतच सांगितले. तेव्हा युद्ध सुरू व्हायला दोन आठवडेही उरले नव्हते.

कलम ११ आणि १२. अडथळा आल्यास तपासणीप्रमुखांनी तत्काळ कळवावे. मग परिषद त्वरित बैठक घेऊन परिस्थितीचा विचार करील.

उत्तर इथे आहे : संधी संपली का, ते परिषद पाहील. अमेरिकेचे प्रतिनिधी जॉन नेग्रोपॉन्टे यांनी मतदानाच्या दिवशीच सांगितले की ठरावात छुपा चाप नाही, युद्ध आपोआप सुरू होणार नाही. ब्रिटनचे जेरेमी ग्रीनस्टॉकही तेच म्हणाले. परिषद निष्क्रिय राहिल्यास कोणत्याही राष्ट्राच्या स्वसंरक्षणावर बंधन नाही, अशी पुस्ती नेग्रोपॉन्टे यांनी जोडली होती, हेही नमूद करतो. पण इराकने अमेरिकेवर हल्ला केला नव्हता, करण्याच्या बेतातही नव्हता.

प्रतिपक्ष म्हणतो, परिषद ‘विचार’ करील एवढेच लिहिले आहे, ‘निर्णय’ घेईल असे नाही. विचार झाला, काम संपले. हा युक्तिवाद चतुर आहे. तो स्वीकारला तर परिषद निव्वळ चर्चामंडळ उरते, आणि चार व अकरा ही कलमे निरर्थक होतात. कलमे निरर्थक करणारा अर्थ टाळावा, हा मीमांसेत आणि न्यायालयातही चालणारा नियम आहे.

कलम १३. इराकला गंभीर परिणाम भोगावे लागतील, असा इशारा वारंवार दिल्याची आठवण.

आठवण, नवा आदेश नव्हे. परिषदेला युद्धाची परवानगी द्यायची असते तेव्हा ती कशी देते, हे १९९० च्या ठराव ६७८ मध्ये दिसते : तिथे ‘सर्व आवश्यक उपाय’ असे स्पष्ट म्हटले होते. ती जुनी परवानगी १४४१ मुळे पुन्हा जिवंत झाली, असे ब्रिटनने मांडले. ब्रिटनचे महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांच्या ७ मार्चच्या सल्ल्यात मात्र दुसरा ठराव घेणेच सर्वांत सुरक्षित, असे होते. दहा दिवसांनी संसदेसमोर गेलेल्या उत्तरातून ही शंका गायब झाली. त्याच दिवशी ब्रिटनच्या रॉबिन कुक यांनी युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडले.

कलम १४. हा विषय परिषदेच्या विचाराधीन राहील.

दुसऱ्या ठरावाचा मसुदा १७ मार्चला मागे घेण्यात आला, कारण मते जमत नव्हती. १८ मार्चला तपासनीस बाहेर पडले, २० मार्चला हल्ला झाला. उरलेल्या कामाला वर्षे नकोत, आठवडे पुरणार नाहीत, महिने लागतील, असे ब्लिक्स ७ मार्चला सांगून गेले होते. तेवढे महिने कोणाकडे नव्हते. आपल्या लोकसभेने ८ एप्रिलला, मनोहर जोशी अध्यक्ष असताना, आक्रमणाचा एकमताने निषेध केला. अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४ मध्ये संहारक अस्त्रांचे साठे नव्हतेच असा निष्कर्ष काढला, आणि निःशस्त्रीकरणाचे शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, असे ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने ६ जुलै २०१६ रोजी लिहून ठेवले. अन्मोविक मात्र हल्ल्यानंतरही कागदावर जिवंत होता. परिषदेने तो ठराव १७६२ ने २९ जून २००७ रोजी बंद केला.