शनिवारवाडा : वास्तुरचना

पुण्यातील पेशव्यांचे निवासस्थान व राज्यकारभाराचे केंद्र. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. हे दोन्ही दिवस शनिवार होते. खर्चाचा १६,११० रुपये हा प्रसिद्ध आकडा केवळ मूळ वाड्याचा समजावा, कारण पुढे प्रत्येक पिढीने चौक, महाल व मजले वाढवले.

रचना चौसोपी, म्हणजे मधल्या उघड्या चौकाभोवती चारही बाजूंना सोपे असलेली होती. घडीव दगडाच्या जोत्यावर सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा उभारून मधली जागा विटा व चुना यांनी भरली जाई. वरचा भार भिंतींपेक्षा लाकडावरच असल्यामुळे २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत सांगाडा गेला आणि त्याबरोबर मजलेही गेले. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील गणपती रंगमहालाची कल्पना आज मुख्यतः टॉमस डॅनियल याच्या १८०५ मधील दरबारचित्रावरून येते. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवर आधारलेल्या या चित्रात कोरीव खांब, महिरपी व नक्षीदार छत दिसते. मात्र चित्रकाराने दरबाराची भव्यता वाढवली असण्याची शक्यता धरूनच ते पाहावे.

तटाला पाच दरवाजे व नऊ बुरूज आहेत. तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा असण्यामागे संपूर्ण दगडी बांधकामाबद्दल छत्रपती शाहूंची नापसंती होती, असे परंपरेने सांगितले जाते. उत्तराभिमुख दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीची धडक रोखणारे लोखंडी सुळे असून रोज ये-जा करण्यासाठी दिंडी, म्हणजे लहान दार, ठेवलेली आहे. वर नगारखाना आहे.

पाण्याची योजना या वास्तूचा सर्वांत कमी चर्चिलेला, परंतु सर्वांत कुशल भाग होय. नानासाहेबांनी कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी व गाळ काढण्यासाठी ठेवलेली तोंडे होती. वाड्यातील हौद व कारंजी याच पाण्यावर चालत. सवाई माधवराव पेशव्यांसाठी केलेले हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे आहे. तोट्यांची संख्या मात्र नावापेक्षा बरीच कमी आहे.

सध्या तट, दरवाजे, नगारखाना, जोती व कारंज्यांचे हौद एवढेच अवशेष उरले आहेत.